वंदनेनंतरचं हसू

ज्या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग येतो त्याला मी एकदाही भेटलेलो नाही. त्याचं नाव संघपाल. तो पुण्यात असतो, कुठल्याशा कंपनीत बरा पगार घेतो, आणि चौदा एप्रिलला न चुकता माझ्या सासऱ्यांना फोन करतो. त्याचे फोटो मी शोधून पाहिलेत. डोक्यावरचे केस मागे हटत चाललेत, तेवढंच एक समाधान.

माझे सासरे मनोहरराव, मी त्यांना मामाजी म्हणतो, यांचं नागपूरच्या इंदोऱ्यात ‘बोधिपर्ण प्रकाशन’ आहे. बुद्धवंदनेच्या पुस्तिका, परित्राणपाठ, लग्नविधी, नामकरणविधी, कुणी गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला वाटायला छापलेल्या छोट्या वंदना, असा सगळा माल. छप्पन सालच्या दीक्षेनंतर पायलच्या आजोबांनी सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून हा धंदा सुरू केला. आता दसऱ्याला दीक्षाभूमीवर त्यांचा स्टॉल लागतो आणि खेड्यापाड्यांतून आलेली माणसं पुस्तकं पिशवीत घालून घेऊन जातात. पायल ही माझी बायको आणि त्यांची एकुलती एक मुलगी.

आणि मी वेबसाइटी बनवतो. धरमपेठेत माझं छोटं ऑफिस आहे. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं की सासऱ्यांची वेबसाइट बनवायचं काम आपसूकच माझ्याकडे येईल. नाही आलं. कारण वेबसाइट होती. संघपालनं, म्हणजे त्यांच्या शेजारच्या पोरानं, कॉलेजात असताना केलेली.

काय वेबसाइट होती! मागे गुलाबी कमळांची नक्षी, वरून सरकत जाणारी ‘सर्वांना सप्रेम जय भीम’ची पट्टी, लुकलुकणारा ‘नवीन’ असा तारा, जो दहा-बारा वर्षं जुन्या पुस्तकापुढे अजून लुकलुकत होता. खाली भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारा आकडा. अक्षरं अशा जुन्या फॉन्टात की मोबाइलवर निम्मं पान चौकोन चौकोन दिसायचं. एखाद्या गिऱ्हाइकानं मला असं काही दाखवलं असतं तर मी चहा पाजून परत पाठवलं असतं. पण सासुरवाडीत ती वेबसाइट म्हणजे घरातला हुशार मुलगा होता. मधे एकदा मोबाइलवर काहीतरी बिघडलं, तर मामाजींनी मला न सांगता पुण्याला फोन केला, आणि त्यानं बसल्या जागी ते दुरुस्त करून दिलं. मामाजी ही गोष्ट मला जेवताना कौतुकानं सांगत होते. मी वरण ओरपत राहिलो.

शेवटी यंदाच्या उन्हाळ्यात काम आलं, आणि तेही कसं? मामाजी म्हणाले, “संघपालले विचारलं होतं नवीन कराचं म्हणून. तो म्हणाला, घरात जावई हाय त मले काहून विचारता? त्याईलेच द्या.” म्हणजे माझ्या सासऱ्यांचं काम मला संघपालच्या शिफारशीनं मिळालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी म्हणालो, बघतो.

मी नाशिकचा. आमच्या घरी वंदना म्हणजे बुद्धपौर्णिमेला सगळ्यांनी उभं राहून म्हणायची, तीही आईच्या मागे मागे. तेव्हा ती जुनी वेबसाइट मी आजवर लांबूनच पाहिली होती, तेही नाक मुरडायला. ऑफिसात बसून पहिल्यांदाच ती नीट तपासायला घेतली. पानावर कुठेतरी बोट लागलं आणि स्पीकरमधून आवाज यायला लागला. एक मुलगी वंदना म्हणत होती. स्वच्छ, सावकाश, प्रत्येक ओळीनंतर थांबून. दोन ओळी झाल्या आणि मी खुर्चीत सरळ बसलो. पायलचा आवाज होता तो. अठरा-एकोणीस वर्षांची पायल, माझ्या ओळखीच्या आधीची.

मी शेवटपर्यंत ऐकलं. ‘साधु, साधु, साधु’ झालं. मग क्षणभर शांतता. मग एक पोरगा हलक्या आवाजात म्हणाला, “झालं वं. ऊठ आता.” आणि पायल हसली.

एवढंच. रेकॉर्डिंग वेळेवर बंद करायचं राहून गेलेलं आणि नंतर कापायचं सुचलेलं नाही. पण ते हसू मी पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. चहा आला, गार झाला, आणि मी ऐकतच होतो. सात वर्षांच्या संसारात पायल माझ्या विनोदांवर हसली आहे, सिनेमात हसली आहे, माझ्या आईच्या टोमण्यांवरही हसून दाखवलं आहे तिनं. पण हे असं, आतून सांडल्यासारखं, कधी नाही. ते हसू घरात नव्हतंच. ते या भंगार वेबसाइटवर होतं, आणि दुसऱ्याच्या ‘वं’वर आलेलं होतं.

आणखी एक सांगतो. पायल तिच्या माहेरच्या माणसांशी बोलते ती भाषा वेगळी आणि माझ्याशी बोलते ती वेगळी. तिकडे ‘काहून’, ‘मले’, बाईला ‘वं’, पुरुषाला ‘गा’, सगळं मोकळं. माझ्यासमोर मात्र ‘अहो’, ‘तुम्ही’, ‘का बरं’. बातम्या देणाऱ्या बाईसारखी शुद्ध. मी कधी तसं सांगितलं नव्हतं. सुरुवातीला मला त्याचं बरंही वाटलं होतं. त्या दिवशी नाही वाटलं.

रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं की ते रेकॉर्डिंग कुठे केलं होतं. तिनं सरळ सांगितलं. प्रकाशनाच्या मागच्या गोदामात, ती आणि संघपाल, कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून. पंख्याचा आवाज येत होता म्हणून पंखा बंद केला, मे महिना होता, घामानं नुसती आंघोळ झाली. मग मी विचारलं की शेवटी हसायला काय झालं होतं.

ती भाजी वाढता वाढता थांबली, खरंच आठवून पाहिलं आणि म्हणाली, “काय माहीत. आठवत नाही.”

तिला आठवत नव्हतं याच्यावर माझा विश्वास बसला. आणि त्यानंच जास्त झोंबलं. मला ते हसू पाठ झालं होतं, आणि जिचं होतं तिला ते लक्षात ठेवावंसंही वाटलं नव्हतं. मला ते हवं होतं. मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्या काहीतरी बोलण्यावर, एकदा तरी.

मी कामाला लागलो ते सूड घेतल्यासारखा. कमळं गेली. पट्टी गेली, तारा गेला, आकडा गेला. पांढरंशुभ्र पान, मोठी अक्षरं, प्रत्येक पुस्तकाचं नीट मुखपृष्ठ, फोनवरून पैसे भरायची सोय, पार्सल कुठवर आलं ते सांगणारा मेसेज. काम चांगलं झालं, हे माझ्या शत्रूलाही म्हणावं लागेल. आणि आवाज मी काढून टाकला. मामाजींना सांगितलं की पान उघडताच आवाज करणाऱ्या वेबसाइटी आता कुणी ठेवत नाही, लोक दचकतात. हे खरंही आहे. म्हणून तर सांगताना जीभ अडखळली नाही.

दसऱ्याला स्टॉलवर नवी वेबसाइट सुरू केली. गर्दीत मामाजी येईल त्याला मोबाइल दाखवत होते, “आमच्या जावयानं केली.” माझी छाती जरा फुगली. दुपारी पुऱ्या-भाजी खाताना ते मला म्हणाले की संघपाललाही पाठवली, त्याला फार आवडली, जावई कामात पक्के आहेत म्हणाला. उरलेली पुरी मला जाईना.

पाच दिवसांनी आश्विन पौर्णिमा आली. वर्षावासाचा शेवटचा दिवस, विहारा-विहारांत संध्याकाळी वंदना. आणि दिवेलागणीला माझा फोन वाजला. सिंधूआत्या होत्या, मामाजींच्या थोरल्या बहीण. कळमेश्वरच्या अलीकडे त्यांचं गाव आहे, तिथल्या विहाराचं सगळं त्याच पाहतात.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “तुमची ते वेबसाइट बोलून नाही राहिली. लोकं बसून हायेत.”

मग मला कळलं ते असं. गावात भन्ते राहत नाहीत. पालीतली वंदना तोंडपाठ असलेली जुनी माणसं एकेक करून गेली. तेव्हा आत्या दर उपोसथाला, म्हणजे पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमीला, काय करतात, तर मोबाइलवर आमची वेबसाइट उघडतात, फोन स्टीलच्या पेल्यात उभा ठेवतात, पेल्यासमोर माइक. पानावर कुठेही बोट लावलं की पोरगी वंदना म्हणते आणि सगळं गाव तिच्या मागे म्हणतं. चष्मा नको, बटण शोधायला नको. मला हसू आलं, मग हसू विरलं. कारण असं करणारं ते एकच गाव नव्हतं. त्या संध्याकाळी मामाजींच्या दुकानातला फोनही वाजत राहिला. काटोलकडून, उमरेडकडून, एक तर थेट गोंदियाहून. कुणाला पुस्तक नको होतं. सगळ्यांना ती पोरगी हवी होती.

मामाजी रागावले नाहीत, हे आणखी वाईट. जुनं होतं ते परत लाव, एवढंच म्हणाले. मी म्हणालो, जुनं कशाला, त्यात खरखर आहे, चांगलं करून लावतो. पायलला घेऊन धरमपेठेतल्या एका स्टुडिओत गेलो. कानाला मोठे हेडफोन लावून तिनं काचेमागे बसून वंदना म्हटली. आवाज आता जरा खाली आलेला, भरलेला, फार सुरेख. ‘साधु, साधु, साधु’ झालं आणि रेकॉर्डिंग तिथल्या तिथे बंद. ना कुणी बोललं, ना कुणी हसलं. मी ते वेबसाइटवर चढवलं आणि ठरवलं की झालं एकदाचं, संघपाल संपला.

अष्टमीच्या उपोसथानंतर सिंधूआत्यांचा पुन्हा फोन. आवाज बेस आहे म्हणाल्या. खरखर नाही. फक्त एक अडचण आहे. लोक उठत नाहीत.

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. इतकी वर्षं वंदना संपली की तो पोरगा म्हणतो, झालं वं, ऊठ आता. मग बाई हसते. मग लोक हात सोडतात आणि उठतात. पहिल्यापासून तसंच आहे. नव्या वंदनेत कुणी काही म्हटलंच नाही, तेव्हा लोक हात जोडून बसून राहिले. पुढे काही असेल म्हणून. कुणाच्या पायाला मुंग्या आल्या, पण आधी उठायचं कुणी? शेवटी लाइट गेली तेव्हा उठले. “त्याचं ते म्हणणं तेवढं टाका ना,” आत्या म्हणाल्या. “आमाले वंदनेतलंच वाटते ते.”

मी फोन ठेवला. त्या माणसानं एक रेकॉर्डिंग वेळेवर बंद केलं नाही, आणि त्याच्या त्या अर्ध्या वाक्यावर गावंच्या गावं उठत-बसत होती. मी एवढं पांढरंशुभ्र, बिनचूक काम केलं, त्यावर कुणी उठेना.

रविवारी दुपारी ऑफिसात कुणी नसताना मी जुनी फाइल उघडली. वंदना तशीच ठेवली, अठरा वर्षांच्या पायलची. शेवटी आलो. संघपालचं वाक्य कापलं. माइक जवळ ओढला आणि स्वतः म्हणालो, “झालं. ऊठ आता.” ‘वं’ मला जमेना, दोनदा म्हणून पाहिलं, खोटं वाटलं, सोडून दिलं. माझं वाक्य त्याच्या जागी बसवलं आणि त्याच्यामागे पायलचं हसू जोडलं. एकच गोष्ट मनासारखी झाली नाही. हसण्याचं पहिलं टोक संघपालच्या ‘आता’मध्ये गुंतलेलं होतं, तो बोलत असतानाच तिला हसू फुटलं होतं. त्याचा आवाज पुरता काढायचा तर ते टोकही जात होतं. गेलं तर जाऊ दे म्हटलं. ऐकून पाहिलं. मी बोलतो आणि पायल हसते. मला अजिबात लाज वाटली नाही. माझ्याच बायकोचं हसू होतं ते, मी फक्त त्याचा पत्ता बदलला होता. पौर्णिमेच्या आदल्या रात्री ती फाइल वेबसाइटवर चढवली. घरी मात्र मी याबद्दल काही बोललो नाही.

कार्तिक पौर्णिमेला सिंधूआत्यांनी सगळ्यांना गावी बोलावलं. मामाजी, पायल आणि मी गाडीनं गेलो. वाटेत संत्र्यांचे ढीग लागले होते, मामाजींनी अर्धी पिशवी घेतली. विहार छोटासा, निळ्या रंगाची जाळी, वर कर्णा. आत सतरंज्या अंथरलेल्या, पुढे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या लावलेल्या. बायका पांढऱ्या साड्यांत. खिरीचं पातेलं कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. मी पुरुषांच्या रांगेत मागे बसलो, पायल बायकांकडे, आम्हा दोघांच्या मधे फक्त चालायची जागा.

आत्यांनी फोन पेल्यात ठेवला आणि बोट लावलं. कर्ण्यातून पायल बोलायला लागली. मी ऑफिसात ते शंभरदा ऐकलं असेल, पण इथे ते वेगळंच होतं. ती ओळ म्हणायची, थांबायची, आणि त्या थांबण्यात सगळं गाव ओळ उचलायचं. म्हाताऱ्यांचे फाटके आवाज, बायकांचे चढे आवाज. ती कुठे श्वास घेते हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. पायल स्वतः डोळे मिटून स्वतःच्याच मागे म्हणत होती. मला पहिल्यांदाच वाटलं की आपण कशात हात घातला. पण तेव्हा उशीर झाला होता.

साधु, साधु, साधु.

मग कर्ण्यातून माझा आवाज आला. “झालं. ऊठ आता.”

घरी, ऑफिसात, हेडफोनमध्ये ते मला ठीकठाक वाटलं होतं. कर्ण्यातून ते आख्ख्या गावावर पडलं तेव्हा मीच दचकलो. कुणी वसुलीला दारात येऊन उभं राहावं तसं ते वाक्य होतं. मागोमाग तुकडा पडल्यासारखं हसू आलं आणि बंद झालं. एकही माणूस उठला नाही. लोक हात जोडलेले तसेच ठेवून कर्ण्याकडे पाहत राहिले.

सिंधूआत्या मान वाकडी करून म्हणाल्या, “आज पोरगं काहून नाराज हाय गा?”

कुणीतरी मागून म्हणालं की बाईशी भांडण झालं असेल. दोन-तीन जणांनी गंभीरपणे माना हलवल्या. मामाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि मी सतरंजीचा काठ पाहायला लागलो. माझ्या पोटात इतके महिने जे जळत होतं ते आता आख्ख्या गावानं कर्ण्यावर ऐकलं होतं.

मग मी पायलकडे पाहिलं, कारण पाहावंच लागणार होतं. ती माझ्याकडेच बघत होती. आधी तिच्या कपाळाला आठी होती. मग तिनं आवाज ओळखल्याचं दिसलं. मग कोणाचा आवाज काढला आणि काहून काढला, हेही एकेक करून तिच्या डोळ्यांत येताना दिसलं. मी वाट पाहिली की आता ती मान फिरवेल, किंवा उठून बाहेर जाईल. तसं झालं असतं तरी मला बोलायला जागा नव्हती.

ती हसली.

तोंडावर पदर घेऊन थांबवायला गेली, पण ते थांबलं नाही. आतून सांडलं. तेच होतं. मी ते कुठेही ओळखलं असतं. आणि त्याचं पहिलं टोक, जे आजवर संघपालच्या आवाजाखाली दबलेलं होतं आणि जे मी कापून फेकलं होतं, ते मला पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं. आधी नाकातून छोटासा श्वास, आणि मग ते.

लोकांना तेवढं पुरलं. बाई हसली म्हणजे संपलं. भराभर हात सुटले, गुडघे कडकडले, सतरंज्यांवरून माणसं उठली, खिरीच्या पातेल्याचं झाकण वाजलं. मी एकटा हात जोडून बसलो होतो. ती माझ्या वाक्यावर हसली होती, हवं होतं तसंच, आणि ती मला हसली होती. यातलं कुठलं धरून आनंदी व्हावं ते मला ठरवता येईना.

पायल मधली जागा ओलांडून माझ्यापुढे आली. डोळे पुसत होती. माझा दंड धरून तिनं ओढला.

“झालं गा,” ती म्हणाली. “ऊठ आता.”

मी उठलो.